हळदीचे चार कोपरे आणि फुफ्फुसातली गर्दी

शनिवारी सकाळी पुतणी परभणी स्टेशनवर उतरली, तेव्हा तिचा चेहरा पाहून मी पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘‘गाडी आली का गं?’’ गाडी आमच्या मागंच उभी होती. मी घाबरलो, की असंच काहीतरी विचारतो. बायकोच्या मते न घाबरताही विचारतो.

ऑटोत बसल्यावर तिनं सगळं सांगितलं. ती दूरच्या शहरात एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. सोमवारी अकरा वाजता तिच्या कामाची तपासणी होती, ऑनलाइन, तीन जाणत्या शास्त्रज्ञांच्या समितीसमोर. मागच्या तपासणीत त्यांनी सांगितलं होतं, की तुझ्या प्रयोगाचा पहिला दिवस एक बोलतो आणि चौथा दिवस बरोब्बर त्याच्या उलटं. या भांडणाचा अर्थ सांगता आला तर पुढं जा. नाहीतर हा विषय बंद कर आणि दुसऱ्या कुणाचं तरी अर्धवट राहिलेलं काम हाती घे. तीन वर्षं दिली होती पोरीनं त्या विषयाला. होस्टेलच्या खोलीत डोकं चालेना, म्हणून घरी आली. तिचं घर म्हणजे पेडगावला, माझ्या थोरल्या भावाकडं. पण तिथं नेट फक्त गोठ्याच्या पत्र्यावर चढल्यावर येतं, म्हणून मुक्काम आमच्याकडं.

‘‘काका, दोन दिवस मला काही विचारू नका बरं का.’’

‘‘बिलकुल नाही,’’ मी म्हणालो, आणि ऑटो स्टेशनच्या बाहेर पडायच्या आत विचारलं, ‘‘म्हणजे नेमकं काय उलटं आलं?’’

या विषयावर माझा थोडा हक्क आहे, असं मी समजतो. काही वर्षांपूर्वी मला न्यूमोनिया झाला होता. साधा खोकला म्हणून मी आठवडाभर काढा पीत बसलो आणि एके दिवशी श्वासच पुरेना. दवाखान्यात डॉक्टर माझ्या भावाला म्हणाले, ‘‘जंतू आता फारसे उरले नाहीत. यांच्या अंगातलीच फौज फुफ्फुसात घुसून धिंगाणा घालतेय.’’ पुतणी तेव्हा कॉलेजात होती. तिनं विचारलं, ‘‘पण फौजेला या म्हणून सांगतं कोण?’’ डॉक्टरांनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि पुढच्या खाटेकडं गेले. तेव्हापासून मी पाहुण्यारावळ्यांत सांगत आलोय, की पोरीनं हा विषय माझ्यामुळं घेतला. ती दरवेळी म्हणते, ‘‘त्या प्रयोगशाळेत तेव्हा एकच जागा खाली होती, काका.’’ मी ते ऐकत नाही. विज्ञानाची माझ्या हातून झालेली ही एकमेव सेवा, आणि तीही आडवं पडून.

दुपारी जेवणं झाल्यावर ती आपणहून माझ्यासमोर येऊन बसली. ‘‘विचारा. दुसऱ्याला सांगता सांगता मलाच काही सापडलं तर सापडलं.’’

मी शाळेत भूगोल शिकवतो. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीतल्या बेडकापाशी संपला. ती म्हणाली, काही हरकत नाही, आणि माझ्याकडच्या एका कोऱ्या उत्तरपत्रिकेवर काढायला लागली. पेशीच्या आत एक बंद खोली. तहसीलच्या रेकॉर्डरूमसारखी. मूळ कागद तिथून बाहेर येत नाही. बाहेर येते ती नक्कल. तिला म्हणायचं आरएनए. बाहेर बसलेली यंत्रणा ती नक्कल वाचते आणि तिच्यात लिहिलेलं प्रथिन बनवते. इथपर्यंत मी मान हलवली. तहसीलला मी पुष्कळदा गेलोय.

‘‘आता माझं काम इथं आहे.’’ तिनं नकलेवर पेनानं एक बारीक ठिपका दिला. ‘‘नक्कल बाहेर पडायच्या आधी तिच्यातल्या काही अक्षरांवर असा रासायनिक ठिपका बसवला जातो. मजकूर तोच राहतो, काना-मात्रासुद्धा बदलत नाही. पण ठिपका पाहून पेशी ठरवते, की ही नक्कल जपून ठेवायची, पुन्हा पुन्हा वाचायची, की लगेच फाडून टाकायची.’’

मी खुर्चीतून उठलो. खरोखर उठलो.

‘‘अगं, ही तर पत्रिकेची हळद!’’

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, ‘‘सांगा, सांगा. तिला तर मालूमच नसंल!’’

पुतणीला मालूम होतं. सगळ्या खानदानाला मालूम आहे. तिच्याच थोरल्या बहिणीचं लग्न होतं ते, पेडगावला. पण तुम्हाला सांगायला पाहिजे.

आमच्याकडं लग्नाची पत्रिका सगळ्यांना एकच छापतात. खरं निमंत्रण छापलेलं नसतंच, ते हळदीत असतं. पत्रिकेच्या एका कोपऱ्याला हळदीचं बोट लावलं, तर त्या घरातून एकानं यायचं. घरटी एक. आणि चारी कोपऱ्यांना लावलं, तर ते चूलबंद आवतन. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. म्हाताऱ्यापासून रांगत्या लेकरापर्यंत सगळ्यांनी लग्नघरी जेवायला यायचं. चूलबंद म्हणजे जवळचे, भावकीतले. बाकी सगळे घरटी एक. हा हिशोब आमच्यात लेकराला बोलता यायच्या आधी कळतो.

माझं अक्षर चांगलं म्हणून पत्त्यांचं काम दादानं माझ्याकडं दिलं. सोबत हळदीची वाटी. मला परभणीत राहून वीस वर्षं झालेली, हा हिशोब डोक्यातून पार गेलेला. पत्रिकांचा ढीग पुढं घेऊन बसलो, पहिल्या पत्रिकेच्या एका कोपऱ्याला बोट लावलं आणि पाहिलं तर ती मला उघडीबोडकी वाटली. तीन कोपरे कोरे! लोक म्हणतील, मास्तरनं हळदीतसुद्धा हात आखडला. मी आपली सगळ्या पत्रिकांना चारी कोपऱ्यांवर, समान अंतर राखून, हळद लावली. नकाशा रंगवावा तशी. दस्तीला हात पुसले आणि फार समाधानानं सगळ्या टपालात टाकल्या.

लग्नाच्या दिवशी गावंच्या गावं आली. चुडाव्याकडचे लोक टेम्पो भरून उतरायला लागले तेव्हा दादा म्हणाला, ‘‘ह्ये कोन म्हनायचे?’’ तेही बिचारे म्हणत होते, की आपलं एवढं जवळचं नातं निघंल असं वाटलं नव्हतं, पण चूलबंद आवतन आलंय म्हटल्यावर न येऊन कसं चालंल. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. वरणात चार वेळा पाणी घातलं. बुंदी पहिल्या दोन पंगतींतच संपली. नवरदेवाच्या मामाला उभ्यानं भात खावा लागला. मांडवाचा एक खांब गर्दीनं कलला आणि आचारी, हातातला झारा तसाच घेऊन, ‘‘मी चाललो’’ म्हणून निघाला, त्याला शेताच्या बांधावरून परत आणावा लागला.

पुतणी हसली. स्टेशनवर उतरल्यापासून पहिल्यांदा.

‘‘काका, अगदी हेच,’’ ती म्हणाली. ‘‘फुफ्फुसात मॅक्रोफेज नावाच्या पेशी मुक्कामालाच असतात. घरच्या म्हणा. फुफ्फुसाला इजा झाली, की त्या सांगावे धाडतात आणि रक्तातून दुसऱ्या लढाऊ पेशी धावत येतात. थोड्या आल्या तर काम करतात. मापाबाहेर आल्या तर नाजूक पडदे फाटतात, हवेच्या पिशव्यांत पाणी भरतं आणि माणूस गुदमरतो.’’

‘‘माझ्यासारखा.’’

‘‘तुमच्यासारखा. मी काय केलं, फुफ्फुसाला इजा करायच्या आधीच उंदरांच्या मॅक्रोफेजमध्ये तो ठिपका लावणारा हातच बंद केला.’’

‘‘हळदीची वाटी काढून घेतली.’’

‘‘हां. आणि पहिल्या दिवशी एवढं सुंदर चित्र आलं! गर्दी कमी, पाणी कमी. सगळ्यांनी पाठ थोपटली.’’ मग तिचा आवाज खाली आला. ‘‘चौथ्या दिवशी साधे, ठिपका शाबूत असलेले उंदीर बरे व्हायला लागले. माझे नाही. फुफ्फुसातला कचरा तसाच पडून. आता ठिपका वाईट म्हणू का चांगला? समिती म्हणती, एकतर तुझे नमुने खराब झालेत, नाहीतर तुझी गोष्टच खोटी आहे.’’

माझ्या गोष्टीत हळद फक्त वाईटच होती.

रविवारी सकाळी वहिनी पेडगावहून आल्या, धपाट्यांचा डबा आणि तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन. लेकीचा उतरलेला चेहरा त्यांनी एकदा पाहिला. शेंगा ओतल्या आणि सगळ्यांना सोलायला बसवलं. मी मात्र उत्साहात होतो. कालच मिळालेलं ज्ञान माझ्या पोटात राहत नव्हतं. मी वहिनींना रेकॉर्डरूम, नक्कल, ठिपका, हळद, सगळं सांगितलं, आणि शेवटी चौथ्या दिवसाचं कोडंही सांगितलं.

वहिनी शेंगा सोलता सोलता ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘भावजी, तुमी ही गोष्ट समद्यांना सांगता. पर दुसऱ्या दिवशी काय झालं, ते कव्हाच सांगत न्हाईत.’’

‘‘दुसऱ्या दिवशी काय झालं?’’

‘‘तुमाला कसं ठावं असंल? तुमी लाजंनं सकाळच्या पहिल्या गाडीनं पळून आलात की परभनीला!’’

बायको एवढी हसली, की तिच्या हातातली शेंग माझ्या डोक्यावर आली. ही पळून येण्याची बाब मी आजवर थोडी आवरून सांगत असे.

वहिनी पुढं म्हणाल्या, ‘‘ढीगभर पत्रावळ्या, खरकटं, चिखल. लय घान झालती. मला तर रडू यायलं. पर ती चूलबंदची मान्सं हुती ना, ती कुठं गेलती? बाया-बापड्या, लेकरं-बाळं, मुक्कामीच. त्याच बायांनी झाडलं, भांडी घासली, खड्डा करून पत्रावळ्या पुरल्या, मांडव सोडला. दुपारपस्तोर अंगन लख्ख! घरटी एक आलेला बाप्या काय करतो? हात धुतो आन् चालला. निस्ते तसलेच आले असते, तर गर्दी झाली नसती, खरंय. पर मी अजून पत्रावळ्याच उचलत बसले असते.’’

पुतणीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

‘‘आई. परत सांग.’’

‘‘काय?’’

‘‘तेच. घाण करणारी कोण आणि झाडणारी कोण?’’

‘‘तीच की गं. पंगतीला बसली तवा गर्दी, उठली तवा झाडू.’’

पोरगी ताडकन उठली. मांडीवरच्या शेंगा फरशीभर झाल्या. ‘‘मी दोन्ही दिवस एकत्र केले!’’ ती ओरडली. ‘‘काका, मी दोन्ही दिवस एकत्र केले!’’

तिनं काय केलं होतं, ते मला नंतर कळलं. कुठल्या कुठल्या नकलांवर ठिपका आहे, याची यादी तिच्याकडं साध्या उंदरांच्या पेशींमधून आलेली होती, पहिल्या दिवसाची आणि चौथ्या दिवसाची. पण माहिती जितकी जास्त तितका निष्कर्ष पक्का, म्हणून तिनं दोन्ही याद्या एकाच ढिगात घालून तपासल्या होत्या. त्या ढिगातून काहीच धड दिसत नव्हतं. दिवस वेगळे करून पाहायचं तिच्या मनातच आलं नव्हतं, कारण ठिपक्याचं काम एकच असणार, असं ती, तिची समिती आणि मी, तिघंही धरून चाललो होतो. त्या यादीत मला घालणं थोडं जास्त होतंय, पण असू द्या.

ती लॅपटॉपसमोर बसली. आम्ही तिघं मागं उभे. पडद्यावर अक्षरं पळत होती. ‘‘किती वेळ लागेल?’’ मी विचारलं. ‘‘दीड-दोन तास.’’ आणि नेमकी लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाचीच म्हातारी. अर्धा तास टिकली तर नशीब. मी उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर आरतीच्या ताटासारखा धरून शेजारी निघालो, कारण त्यांच्याकडं इन्व्हर्टर आहे. मागून पुतणी वायर घेऊन, तिच्यामागं वहिनी. शेजारीण दार उघडून आमच्या मिरवणुकीकडं बघतच राहिली.

‘‘काय झालं हो?’’

‘‘फुफ्फुसाचा निकाल लागायलाय,’’ वहिनी म्हणाल्या.

शेजारणीनं घाबरून माझ्याकडं पाहिलं. ‘‘यांचं परत...?’’

‘‘उंदराचं,’’ मी म्हणालो. त्यानं तिची काळजी कमी झाली असं वाटलं नाही, पण तिनं पंखा बंद करून आम्हाला प्लग दिला.

दोन तास आम्ही शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात बसलो. मी एवढा अस्वस्थ होतो, की त्यांच्या वर्तमानपत्रातलं शब्दकोडं त्यांना न विचारता सोडवलं, तेही चुकीचं. तीनच्या पुढं कधीतरी पुतणी एकदम पुढं वाकली. बोट पडद्यावर ठेवून ती एकेक नाव खाली उतरत गेली. मग दुसरी यादी. मग पुन्हा पहिली.

‘‘पहिल्या दिवशी ठिपके गर्दी बोलावणाऱ्या नकलांवर आहेत,’’ ती हळू म्हणाली. ‘‘आणि चौथ्या दिवशी...’’ तिनं यादी पुन्हा वर सरकवली. ‘‘चौथ्या दिवशी मेलेल्या पेशी गिळायच्या, भांडण मिटवायचं, पडदा सांधायचा. आई, सगळे झाडणारे!’’

मी ओरडलो. मला त्या यादीतलं एक नाव वाचता येत नव्हतं, पण ओरडलो. वहिनींनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. आमची ही हातात पळी घेऊन धावत आली, तिला वाटलं कुणी पडलं.

त्यानंतर पुतणी बदललीच. रात्रीच्या जेवणापर्यंत तिनं सगळी मांडणी नव्यानं केली. मी सुचवलं, की सुरुवात हळद लावलेल्या पत्रिकेच्या फोटोनं कर.

‘‘नाही, काका.’’

‘‘शेवटी?’’

‘‘शेवटीही नाही.’’ मग तिला माझी दया आली असावी. ‘‘हे बघा, ठिपके कुठं आहेत, एवढंच कळलंय. ठिपक्यांमुळंच ते घडतं, हे अजून दाखवायचं राहिलंय. गोष्ट लय गोड आहे म्हणून ती खरी ठरत नाही.’’

आयुष्यभर मी नेमकं याच्या उलट वागत आलोय.

सोमवारी पुढची खोली तिला दिली. आम्हाला स्वयंपाकघरात बसायची आज्ञा. कुकर लावायचा नाही, मिक्सर नाही, माझं खोकणं नाही. मी दाराच्या फटीशी स्टूल टाकलं. समितीचं बोलणं इंग्रजीत. वहिनींना मी कुजबुजत मराठीत सांगत होतो. जे कळत नव्हतं तिथं ‘‘चांगलं चाललंय’’ असं सांगत होतो.

‘‘लयदा चांगलं चाललंय की,’’ वहिनी थोड्या वेळानं म्हणाल्या. त्यांना माझा अंदाज आला होता.

ती बोलत होती. न अडखळता, हात हलवत, दोन याद्या शेजारी शेजारी ठेवून. तिचं संपलं. मग समितीतल्या सगळ्यात ज्येष्ठ बाई बोलल्या. ‘‘ती आकृती परत दाखवा.’’ तिनं दाखवली. ‘‘ठिपका लावणारा हात एकच आहे. मग पहिल्या दिवशी या नकला निवडायच्या आणि चौथ्या दिवशी त्या, हे त्या हाताला कोण सांगतं?’’

पुतणी थांबली. फटीतून मला फक्त तिची पाठ आणि वेणी दिसत होती. वेणी हलत नव्हती.

‘‘मला माहीत नाही,’’ ती म्हणाली.

‘‘काय म्हनाली?’’ वहिनींनी माझी बाही धरली.

‘‘माहीत न्हाई म्हणाली.’’

वहिनींनी डोळे मिटले. बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू प्रश्न मीच विचारला होता.

‘‘आम्हालाही माहीत नाही,’’ त्या बाई म्हणाल्या. आवाजात हसू होतं की काय, मला कळेना. ‘‘दहा मिनिटं बाहेर थांबा.’’

ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. तिनं कोथिंबिरीची जुडी पुढं ओढली आणि निवडायला लागली. देठ भांड्यात आणि पानं कचऱ्यात टाकत होती, आणि वहिनी त्यांची अदलाबदल करत होत्या. दहाची चौदा मिनिटं झाली. मग पुढच्या खोलीत लॅपटॉप वाजला आणि ती पळाली. या वेळी आम्ही तिघंही दारात उभे राहिलो, आज्ञा मोडून.

पलीकडून बरंच बोलणं झालं. मला तुकडेच कळले. विषय बंद करायचा नाही. नमुने खराब नव्हते. ठिपका लावणारा हात सुरुवातीपासून बंद न करता पहिला दिवस उलटल्यावर बंद करून पाहा. मगच कळेल, की झाडण्याचं काम त्याच्याविना अडतं का. आणि त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर तुझं तूच शोध.

‘‘किती वेळ पाहिजे?’’

‘‘एक वर्ष.’’

‘‘दहा महिने.’’

‘‘चालेल,’’ ती म्हणाली, इतक्या पटकन, की वाटलं दोन महिने म्हटलं असतं तरी चालेलच म्हणाली असती.

लॅपटॉप मिटून ती वळली तेव्हा वहिनी पदरानं डोळे पुसत होत्या आणि मी बायकोच्या पाठीवर धपाधप थापा मारत होतो. ‘‘आव, मी न्हाई पास झाले,’’ बायको म्हणत होती, पण हसत.

‘‘काकू, काय असंल ते वाढ,’’ पुतणी म्हणाली. एका हातानं ती फोनवर गाडीची वेळ बघत होती. ‘‘संध्याकाळची गाडी मिळती मला.’’

‘‘आज?’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘आगं, गुरवारपस्तोर राहीन म्हनलीस ना? तुझ्या बापानं तोंड तरी बघितलं का तुजं?’’

‘‘बाबांना स्टेशनवर बोलव. आई, दहाच महिने आहेत गं!’’ आणि उभ्याउभ्याच तिनं धपाट्याचा पहिला घास तोंडात टाकला.